लाईट पाडून रेणूतला करंट चालू-बंद करायचाय? पीएचडीला येण्याआधी हे वाचा

या विषयात पीएचडीला यायच्या आधी काय माहीत हवं, असं एमएस्सीवाले सारखे विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतेय. माझं काम एसटीएम (स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप) ब्रेक जंक्शनवर, म्हणजे सोन्याची टोकदार तार (टिप) सोन्याच्या पृष्ठभागाला टेकवायची, हळूच वर ओढायची, फटीत रेणू अडकला तर त्याचा करंट मोजायचा, हे हजारो वेळा (मशीन करतं, घाबरू नका) आणि मग कुठला करंट किती वेळा आला याचा हिस्टोग्राम काढायचा.

लाईटसाठी डायअरिलइथिन घ्या, हा लाईटने रचना बदलणारा रेणू. यूव्ही पडला की मधली रिंग मिटते आणि करंटला सलग वाट मिळते, व्हिजिबल लाईट पडला की रिंग उघडते आणि करंट पडतो. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! 2003 मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या ग्रुपने हा रेणू सोन्याच्या दोन टोकांमध्ये बसवला तर व्हिजिबल लाईटने त्याचा करंट बंद झाला, पण यूव्ही टाकून परत चालूच होईना, कारण रिंग मिटायच्या आधीच सोनं रेणूची एनर्जी शोषून घेतं. 2016 मध्ये पेकिंग युनिव्हर्सिटीवाल्यांनी सोन्याऐवजी ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) घेतलं, मध्ये मिथिलीनचे (CH2) तुकडे घालून रेणूला जरा लांब ठेवलं आणि तो दोन्ही बाजूंनी स्विच झाला, ऑन-ऑफमध्ये साधारण 100 पट फरक. हे दोन पेपर आधी वाचा, रिव्ह्यू नंतर.

आता खरी डोकेदुखी. लाईट लावला आणि करंट बदलला म्हणजे रेणूच बदलला असं अजिबात नाही. लाईटने टिप तापते, सोनं फुगतं, फट कमी-जास्त होते, आणि व्हॅक्यूममध्ये फट एका अँगस्ट्रॉमने (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) वाढली तरी टनेलिंग करंट, म्हणजे फट ओलांडून जाणारा करंट, साधारण दहापट घसरतो. म्हणून ज्याला लाईटशी काही देणंघेणं नाही असा साधा अल्केनडायथायॉल (दोन्ही टोकांना सल्फर असलेली कार्बनची साखळी) त्याच लाईटखाली मोजायचा, तोही नाचला तर गडबड तापण्याची आहे. यूव्ही-व्हिज स्पेक्ट्रम (रेणू कुठला लाईट किती शोषतो ते मोजणं) तर रोजचाच, कारण यूव्ही खाऊन खाऊन काही रेणू असे बिघडतात की परत उघडतच नाहीत. लाईट लागू नये म्हणून बाटल्यांना फॉईल गुंडाळणं हेही कामच समजा.

एवढ्या डेटासाठी पायथन (प्रोग्रॅमिंग) येत असेल तर निम्मं टेन्शन गेलं. केमिस्ट्रीवाल्यांनी ग्राउंडिंग आणि नॉईज शिकून घ्या, फिजिक्सवाल्यांनी सिंथेसिस करणाऱ्यांशी दोस्ती ठेवा. आणि इंटरव्ह्यूमध्ये गाईडला बिनधास्त विचारा, रेणू बनवतं कोण? उत्तर "बाहेरचा कोलॅबोरेटर" असेल तर चार-पाच मिलिग्रॅमसाठी महिनोन्महिने थांबायची तयारी आहे का ते आधीच बघा.