बुरशी तपासायला माणूस येतोय? मग घर पुसू नका

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी बुरशी तपासणारा माणूस पहिल्यांदा येणार होता, त्याच्या आदल्या संध्याकाळी मावशीने पदर खोचला आणि मागच्या खोलीची अख्खी भिंत फिनेलच्या पाण्याने घासून काढली. परका माणूस घरात येणार आणि भिंत अशी काळी? तिच्या दृष्टीने ती घराची अब्रू राखत होती. दुसऱ्या दिवशी तो आला, खिशातून ओल मोजायचा मीटर काढून भिंतीला टेकवला, दोन पावलं सरकून परत टेकवला, आणि मावशीकडे बघून विचारलं, "धुतली काय हो?" मीटर जिथे लावावा तिथे ओल. त्यातलं पावसाचं पाणी किती आणि मावशीचं किती, हे सांगणार कोण? पंधरा दिवसांनी तो परत आला आणि फी पुन्हा मोजावी लागली.

तेव्हा तयारीची सुरुवात हात आवरण्यापासून करा. वेळ ठरली की डाग पुसायचे नाहीत, ब्लीच मारायचं नाही, पुट्टी भरायची नाही, कपाटाच्या पाठीला आलेला हिरवट थर फडक्याने झटकायचा नाही. आपल्याकडे याची खरी अडचण चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या आधी होते. आषाढ संपत आला की घरोघरी रंगकामाची घाई सुटते, माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या छताच्या) खोलीला तर नवा हात लागलाच पाहिजे. ओल्या भिंतीवर प्लास्टिक पेंट चढवला की दीड महिना भिंत छान दिसते आणि मग पापुद्रे फुगून रंग सोलून येतो. तपासणीच्या आधी रंग झाला तर डागाची कड, त्याचा आकार, तो खालून वर चढलाय की वरून खाली उतरलाय, हे सगळं झाकलं जातं. तपासणारा ह्याच खुणा वाचायला येतो. फारच लाज वाटत असेल तर दार लोटून घ्या. डागांचे फोटो मात्र आजच काढा आणि प्रत्येक डागाशेजारी पाच रुपयांचं नाणं धरा, म्हणजे महिन्याभराने तो वाढला की नाही हे कळेल.

एक गोष्ट फी देण्याआधीच ठरवा: नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे आहेत का? बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुन्याची गरजच नसते. अमेरिकेची पर्यावरण संस्थासुद्धा हेच सांगते, आणि १० चौरस फुटांपेक्षा कमी जागेतली बुरशी घरच्या माणसांनी स्वतः साफ करायला हरकत नाही असंही म्हणते. कुठल्या जातीची बुरशी आहे हे कळल्याने पाणी थांबत नाही. वास येतो पण दिसत काहीच नाही, किंवा दुरुस्ती झाल्यावर खोली खरोखर स्वच्छ झाली का ते बघायचंय, किंवा घरमालक आणि भाडेकरू यांच्यात वाद पेटलाय, अशा वेळी नमुन्याला अर्थ आहे. एरवी तो पैसा गळती शोधण्यात घाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता यादीतलं सर्वांत महत्त्वाचं काम. एक वही घ्या आणि घरातल्या पाण्याची हकीकत लिहून काढा. हे काम दोन दिवस चालतं, कारण एकाला आठवतं ते दुसऱ्याला आठवत नाही. डाग पहिल्यांदा कधी दिसला? पहिल्या सरीला की श्रावणात? पावसाचा जोर ओसरल्यावर तो सुकतो की तसाच राहतो? फेब्रुवारीतही भिंत ओली लागत असेल तर दोष पावसाचा नाही, पाइप फुटला असण्याची शक्यता जास्त. ते आधीच तपासायचं तर रात्री झोपताना घरातले सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी कोणी नळ सोडायच्या आत परत बघा. आकडा सरकला असेल तर अर्धी तपासणी तुम्हीच केलीत. न्हाणीघर कधी नवं केलं, फरशी कधी बदलली, गच्चीवर पत्र्याची शेड कधी चढवली, माकडांनी कौलं कधी हलवली, तेही लिहा. आमच्या वहीत माकडांची नोंद मावशीने केली होती आणि शेवटी तीच कामाची निघाली: स्वयंपाकघराच्या वर तीन कौलं सरकली होती, पाणी वाशावरून वाहत जाऊन दहा फूट पलीकडे भिंतीत उतरत होतं. डाग जिथे दिसतो तिथेच पाणी शिरत असेल असं समजून चालणारा माणूस भिंत फोडतो आणि कौल तसंच राहतं.

वहीत घराचा नकाशा हाताने काढा, त्यावर पश्चिम कुठे ते लिहा. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत सर्वांत जास्त झोडपली जाते. पूर्वी त्या बाजूला चुडतांच्या (माडाच्या झावळ्यांच्या) झापा लावायचे, आता निळी ताडपत्री दिसते, आणि फ्लॅटवाल्यांकडे दोन्ही नसतं. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे त्या भिंतीने चार महिन्यांत काय काय सोसलं असेल याची कल्पना करा.

घर जुनं चिऱ्याचं असेल तर आणखी एक माहिती काढून ठेवा: भिंतीला गिलावा चुन्याचा आहे की सिमेंटचा. चिरा म्हणजे जांभा, भोकाभोकांचा दगड, तो पाणी पितो आणि सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला ते पाणी सोडू देतो. वरून सिमेंट आणि त्यावर चकचकीत रंग दिला की पाणी आतच कोंडतं आणि बाहेर पडायची वाट शोधत राहतं. अशा भिंतीवर पांढरी पावडर दिसली की लोक घाबरून बुरशी म्हणतात, पण बऱ्याचदा तो लोणा असतो, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेले क्षार. थोड्या पांढऱ्या भागावर पाण्याचा एक थेंब टाका. विरघळला तर लोणा, न विरघळता तसाच राहिला तर बुरशी असू शकते. हा प्रयोग कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावरच करा, सगळ्या भिंतीवर नको. मीटर वाचतानाही लोण्याची भानगड आहे, कारण क्षार असलेली भिंत मीटरला खऱ्यापेक्षा जास्त ओली वाटते. शिवाय तो मीटर मुळात लाकडासाठी बनलेला असतो, चिऱ्यावर त्याचा आकडा नुसता तुलनेला कामाचा. म्हणून घरातली एक भिंत नक्की कोरडी आहे अशी आधीच हेरून ठेवा. तपासणारा आला की आधी तिथे मीटर लावायला सांगा, मग काळ्या भिंतीवर.

फ्लॅटचं दुखणं वेगळं. तिथे भिंत बाहेरून ओली होण्याआधी आतून ओली होते, आणि त्यात एसीचा हात असतो. बाहेर ३० अंश तापमान आणि हवेत ८५ टक्के आर्द्रता असली की २७ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. एसी २४ वर चालवलेली खोली, बाहेरच्या भिंतीला चिकटवलेलं कपाट, कपाटामागे दोन बोटांची सुद्धा जागा नाही: तिथे बुरशी न येईल तर नवल. एकदा ओली झालेली जागा २४ ते ४८ तासांत सुकली नाही की बुरशीला रुजायला तेवढं पुरतं. तेव्हा एसी किती वाजता लावता, किती वर लावता, दारं उघडी असताना लावता का, हे खरं खरं लिहा. शेजाऱ्याला सांगायचं नाहीये. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला आठवडाभर आधी गाठा, त्या दिवशी न्हाणीघर तासभर वापरू नका आणि मग सांगितल्यावर पाणी सोडा असं सांगून ठेवा. गच्चीची चावी सोसायटीच्या सेक्रेटरीकडून आदल्या दिवशीच घ्या. तपासणारा खाली उभा आणि चावीवाला मडगावला गेलेला, हे दृश्य फार वेळा घडतं.

बंद राहिलेली घरं हा गोव्याचा खास प्रकार. मालक मुंबईला, आखातात नाहीतर लिस्बनला, आणि पर्वरीतला फ्लॅट मे महिन्यापासून कुलपात. अशा घराची चावी सांभाळणाऱ्या नातेवाइकाला बजावून सांगा: तपासणारा यायच्या आधी खिडक्या उघडून हवा खेळवायची नाही. दार पहिल्यांदा उघडल्यावर येणारा वास त्याला मिळाला पाहिजे. वीज तेवढी चालू आहे का ते बघा, नाहीतर अंधारात टॉर्च घेऊन काय दिसणार.

हवेचा नमुना घ्यायचा ठरला असेल तर आदल्या दिवसापासून घर थोडं वेगळं चालवावं लागतं. दारं-खिडक्या साधारण १२ ते २४ तास बंद ठेवायला सांगतात. जायला-यायला उघडली तर चालतं, पण वाऱ्यासाठी नको. पंखे बंद. केरसुणी मारू नका, गाद्या झटकू नका, जुनी पुस्तकं माळ्यावरून खाली काढू नका, त्याने एरवी खाली बसलेले कण हवेत उडतात आणि आकडा फुगतो. धूप आणि उदबत्तीचं मावशीशी बोलून घ्यावं लागलं. पावसात कुबट वास जावा म्हणून निखाऱ्यावर धूप घालायची घरची पद्धत, पण नमुना धरणाऱ्या छोट्या डबीतल्या चिकट पट्टीवर धुराचे कण येऊन बसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे कण दिसेनासे होतात. शेवटी देवापुढे निरांजन लावायचं, धूप संध्याकाळी, असा तह झाला. मासे तळायचे असतील तर तेही त्या सकाळी नको.

हवेचा नमुना घेणारा पंप मिनिटाला १५ लिटर हवा ओढतो, पाच-दहा मिनिटं चालतो. एक नमुना घराबाहेरचाही घ्यायलाच हवा, कारण आपल्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच बुरशीचे कण भरपूर असतात. कुळागराशेजारच्या (माड-पोफळीच्या बागेशेजारच्या) घरात तर विचारूच नका. बाहेरच्याशी तुलना केल्याशिवाय आतल्या आकड्याला काही किंमत नाही. घराबाहेरचा नमुना घेणार का, असं फोनवरच विचारा. "गरज नाही" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा. धो धो पाऊस पडत असताना बाहेरची हवा धुतली जाते, म्हणून उघडिपीचा दिवस मिळाला तर उत्तम.

त्या सकाळी सामान भिंतीपासून ओढायची घाई करू नका. कपाटामागे जायची वाट मोकळी ठेवा, ओढायचं ते तपासणाऱ्यासमोर ओढा, तेही हवेचा नमुना घेऊन झाल्यावर. किचन ट्रॉलीचं खालचं फळकूट स्क्रूने बसवलेलं असेल तर स्क्रू-ड्रायव्हर हाताशी ठेवा. माळ्यावर जायची शिडी शोधून ठेवा (आमची शेजाऱ्याकडे दोन वर्षं होती). सिंकखालचे डबे, बाटल्या, पिशव्यांचा ढीग काढा, पण तिथलं ओलं फळकूट पुसू नका. दमा असलेल्या माणसाला, तान्ह्या बाळाला त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. कुणाला कुठल्या खोलीत खोकला वाढतो याची नोंद वहीत असू द्या, मात्र खोकल्याचं औषध तपासणाऱ्याला विचारू नका, ते डॉक्टरचं काम.

जुन्या कागदांची वेगळी काळजी घ्या. फॉर्म १ आणि १४ (जमिनीचा उतारा), पोर्तुगीज काळातली इश्क्रितुर (मालमत्तेचा दस्त), पणजोबांचा फोटो, ह्यांवर पांढरे ठिपके आले असतील तर फडक्याने घासू नका, उन्हात तर मुळीच टाकू नका. वेगवेगळ्या कागदी पाकिटात घालून कोरड्या खोलीत ठेवा आणि तपासणाऱ्याला दाखवा. तो पारदर्शक टेप हलकेच टेकवून नमुना घेऊ शकतो. ज्या कागदावर सही-शिक्का आहे तिथे टेपला हात लावू द्यायचा नाही, हेही सांगा.

माणूस निवडताना काय विचारायचं ते थोडक्यात. टेक्सास, फ्लोरिडा, न्यूयॉर्क अशा काही ठिकाणी या कामाला परवाना लागतो. आपल्याकडे तसा कागद मागायची सोय नाही, म्हणून प्रश्न आपणच विचारायचे. तपासणारा वॉटरप्रूफिंगही विकतो का? फुकट तपासणीचं बिल नंतर गच्चीच्या कामात वसूल होतं. नमुना कुठल्या प्रयोगशाळेत जाणार, तिला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, आणि ती मान्यता ह्याच चाचणीसाठी आहे का? अहवालात कच्चे आकडे, नमुने घेतल्याची वेळ, जागा आणि मीटरचे आकडे असतील ना? हवेतल्या बुरशीसाठी अमेरिकेच्या त्याच पर्यावरण संस्थेनेही "इतकी चालेल, इतकी नको" अशी मर्यादा घातलेली नाही, तेव्हा कोणी एकच लाल आकडा दाखवून घाबरवायला लागला तर बाहेरच्या नमुन्याचा आकडा शेजारी ठेवायला सांगा.

तो निघायच्या आधी वहीवर त्याच्याकडून तीन ओळी लिहून घ्या: पाणी कुठून येतंय असं त्याला वाटतं, ते पक्कं करायला आधी काय उघडून बघायचं, आणि काय उघडायचं नाही. मग पेंटरला फोन करा. चवथीचं काम ठरलंय म्हणून तो कुरकुरेल, आगाऊ घेतलेल्या पैशांची आठवण करून द्या, आणि मागची खोली यंदा सोडून द्यायला सांगा.