खरड छाटणीचा माणूस: तळातल्या बास्केटबॉल संघाला हेड कोच निवडताना

पिंपळगाव बसवंतकडचा माझा एक द्राक्षवाला मित्र आहे. सगळे त्याला शेठच म्हणतात. यंदा पावसाळ्यात तो आणि त्याचे दोन भागीदार एका व्यावसायिक बास्केटबॉल संघात पैसे घालायला निघाले. संघ तळाचा. चांगले खेळाडू सोडून गेलेले, उरलेली पोरं वीस-बावीस वर्षांची. शेठने नाशिकच्या कॉलेज रोडला चहा पाजला आणि म्हणाला, "तू पहाटे उठून अमेरिकेचे सामने बघतोस ना? मग सांग, कोच कसा निवडायचा?"

माझी अंबडला सीएनसीची तीन मशिनं आहेत, जॉबवर्क करतो. कॉलेजात गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणणारा, खेळायचो. नंतर बरीच वर्षं कॉलनीच्या क्लबात पोरं खेळवली आणि तिथे कोच नेमताना एकदा सणसणीत आपटलो. एवढ्याच भांडवलावर शेठला चार संध्याकाळी जे सांगितलं, ते इथे लिहितोय.

पहिला प्रश्न कोचला विचारायचा नसतो, स्वतःला विचारायचा असतो. छाटणी कुठली चालली आहे? एप्रिलची खरड छाटणी की ऑक्टोबरची, घडांसाठीची गोडी? एप्रिलमध्ये वेल बोडका करतो तेव्हा घडाची आशा नसते, काडी तयार करायची असते. काडीतल्या डोळ्यात घड तेव्हाच धरतो. तिथे चुकलं की ऑक्टोबरमध्ये कितीही फवारण्या करा, वेल वांझ. शेठ हसला, "हे मला शिकवतोस?" म्हटलं, बागेत कळतं तुला, पण संघात पहिल्याच वर्षी करंडक मागतोयस.

एनबीएमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या लीगमधल्या, ह्यूस्टन रॉकेट्सचं बघा. त्यांनी २०२० च्या ऑक्टोबरमध्ये स्टीफन सायलसला आणलं, तेव्हा जेम्स हार्डनसारखा मोठा खेळाडू संघात होता. म्हणजे माणूस आणला तयार बागेसाठी. जानेवारीत हार्डन गेला आणि सायलसच्या हातात नुसती रोपं राहिली. तीन हंगामांत १७, २० आणि २२ विजय. मग २०२३ मध्ये कडक शिस्तीचा इमे उडोका आला. पहिल्याच वर्षी ४१ विजय, पुढच्या वर्षी ५२. लोक म्हणतात सायलस कच्चा आणि उडोका पक्का. मला ते अर्धंच पटतं. उडोकाला मिळालेली पोरं तीन वर्षं मार खाऊन आली होती, शिवाय व्यवस्थापनाने फ्रेड व्हॅनव्लीटसारखा अनुभवी गार्डही आणून दिला. तेच उडोका २०२० मध्ये असता तर पोरांशी भांडून मोकळा झाला असता, असं मला वाटतं. पटत नसेल तर वाद घालू, पण मिसळ तुमच्याकडून.

आपली छाटणी खरड आहे, म्हणजे आधी पोरं घडवायची आहेत, हे एकदा कबूल केलं की अर्धी नावं आपोआप गळतात. सगळ्यात आधी गळायला हवं ते सगळ्यात मोठं नाव, आणि तेच कुणाच्या हातून सुटत नाही. डेट्रॉइट पिस्टन्सने २०२३ मध्ये माँटी विल्यम्सला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८५ लाख डॉलर कबूल केले. माणूस हलका नव्हता. फिनिक्सला त्याने २०२१ ची फायनल दाखवली होती. डेट्रॉइटमध्ये १४ विजय, ६८ पराभव, मध्ये सलग २८ पराभवांची रांग. एका हंगामात नारळ, आणि उरलेल्या पाच वर्षांचे पैसे मालकाच्या डोक्यावर. पुढच्या वर्षी जे. बी. बिकरस्टाफ आला आणि जवळपास त्याच पोरांनी ४४ सामने जिंकले.

याउलट ओक्लाहोमा सिटी. तिथे २०२० मध्ये मार्क डेग्नॉल्टचं नाव जाहीर झालं तेव्हा हा कोण, असं मीही विचारलं होतं. वय ३५. पाच वर्षं त्याच संघाच्या जी लीगमधल्या, म्हणजे दुय्यम लीगमधल्या संघाचा कोच, मग वर्षभर असिस्टंट. पहिल्या वर्षी २२ विजय, दुसऱ्या वर्षी २४. त्या दुसऱ्या हंगामात, २ डिसेंबर २०२१ ला, मेम्फिसने त्यांना १५२-७९ असं धुतलं. ७३ गुणांचा फरक, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. आपल्याकडे त्या रात्रीच कोचची बॅग भरली असती. त्यांनी हात लावला नाही. पुढे ४०, ५७, ६८ विजय, आणि २०२५ च्या जूनमध्ये एका सोमवारी पहाटे साडेपाचला मी चहा घेऊन बसलो तेव्हा इंडियानाविरुद्धचा फायनलचा सातवा सामना सुरू होत होता. तो जिंकून ते विजेते झाले.

म्हणून विजय-पराभवांची वही उघडण्याआधी बघा, माणूस कुठून वर आलाय. मायामीचा एरिक स्पोल्स्ट्रा १९९५ मध्ये व्हिडिओ कापायच्या कामावर लागला होता. २००८ मध्ये, संघ १५-६७ वर लोळत असताना, त्याला हेड कोच केलं. पुढच्याच हंगामात ४३ विजय. अशा माणसाला पराभवाची फिल्म बघायची किळस येत नाही, कारण ती बघण्यातच त्याची उमेदवारी गेलेली असते.

आता आमची चूक सांगतो. क्लबात एका वर्षी चांगली सहा पोरं हाताशी होती, सगळी अठराच्या आतबाहेर. आम्ही कोच आणला एक जुना नावाजलेला खेळाडू, आवाज खणखणीत, मुलाखतीत कपाटातल्या ट्रॉफ्यांचे फोटो दाखवले आणि आम्ही गार. पहिल्या स्पर्धेपासून तो तिशी ओलांडलेले पाच जण खेळवायला लागला, कारण त्याला जिंकायचं होतं. तीन सामने जिंकलोही. पोरं बाकावर बसून टॉवेल देत होती. दिवाळीपर्यंत दोघं यायची बंद झाली, एक फुटबॉलला गेला. त्याला आम्ही विचारलंच नव्हतं की शेवटची पाच मिनिटं कोणाला खेळवणार. त्याला काय दोष देणार?

तर मुलाखतीत हा प्रश्न पहिला. सामना तीन गुणांनी मागे, पाच मिनिटं उरलीत, तुमचा एकोणीस वर्षांचा गार्ड आज चार टर्नओव्हर करून, म्हणजे चारदा बॉल घालवून बसलाय, मैदानावर कोण? "परिस्थिती बघून ठरवू" म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. "तोच राहील, पण बॉल पुढे आणायचं काम दुसऱ्याकडे देईन, त्याला पिक अँड रोलच्या (एकाने आडवं उभं राहून दुसऱ्याला वाट करून द्यायच्या चालीच्या) दुसऱ्या बाजूला ठेवेन" असं काही जो बोलेल, त्याला दुसऱ्या दिवशी परत बोलवा.

दुसरी परीक्षा फिल्मची, आणि माझ्या मते खरी परीक्षा हीच. आपल्याच संघाचा एक वाईट हरलेला सामना घ्या. तिसऱ्या क्वार्टरचा दहा मिनिटांचा तुकडा, आवाज बंद. उमेदवाराला एका खोलीत लॅपटॉप आणि वही देऊन तासभर सोडा. मग येऊन सांगू दे. शेठच्या ऑफिसात पाच जणांना असं बसवलं. एकाने चौदा चुका काढल्या, सगळ्या बरोबर. क्लोजआउट (नेमबाजाच्या अंगावर धावून जाणं) उशिरा, रिबाउंडला बॉक्सआउट (प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवणं) नाही, शॉट क्लॉक, म्हणजे बॉल मारायची ठरलेली वेळ, संपत आल्यावर घाई, सगळं. शेठ खूश. मी विचारलं, सोमवारच्या सरावात यातल्या कुठल्या घेणार? म्हणाला, सगळ्या. तिथेच मी मनातल्या मनात फुली मारली. पोरगा एका आठवड्यात दोन गोष्टी सुधारतो, फार तर तीन. दुसऱ्या एकाने फक्त दोनच सांगितल्या: बचावाला परत पळताना कोणी बोलत नाही, आणि तुमचा उंच पोरगा स्क्रीन लावून, म्हणजे बचाव करणाऱ्याला आडवा होऊन, तिथेच उभा राहतो. मग त्याने वहीत नव्वद मिनिटांचा सराव लिहून दाखवला, कुठल्या ड्रिलला किती मिनिटं आणि पाणी कधी, इथपर्यंत. असा लिहिलेला सराव मागाच. भाषण सगळ्यांना येतं, वेळापत्रक थोड्यांना.

नंतर फोन. उमेदवार ज्यांची नावं देतो त्यांना करू नका, ते गोडच बोलणार. त्याच्या जुन्या संघातला बाकावरचा नववा-दहावा खेळाडू शोधा. फिजिओला विचारा, बॉल आणि जर्सी सांभाळणाऱ्याला विचारा. प्रश्न एकच: दहा सामने हरल्यावर हा माणूस कसा वागायचा? एका उमेदवाराबद्दल असा फोन केला तर पलीकडचा पोरगा बराच वेळ गप्पच राहिला. पुढे विचारायची गरज पडली नाही.

फिलाडेल्फियाची गोष्ट शेठला फार आवडली. मालकाने आणि जनरल मॅनेजर सॅम हिंकीने सरळ ठरवलं होतं की काही वर्षं हरायचं, वरचे ड्राफ्ट पिक, म्हणजे नवी पोरं आधी निवडायचे हक्क, गोळा करायचे. २०१३ मध्ये ब्रेट ब्राउनला हे सांगूनच आणलं. १९, १८ आणि १० विजय. तिसऱ्या हंगामात संघ जवळजवळ रोज हरत असताना त्याचा करार वाढवला. २०१७-१८ मध्ये ५२ विजय. शेठ म्हणाला, "मग आपणही हरू." नाही! अमेरिकेत तळाला गेलात तर लॉटरीत पहिला पिक मिळायची संधी असते. सॅन अँटोनिओ २२ सामने जिंकून तळात बसले आणि २०२३ मध्ये त्यांच्या हाती व्हिक्टर वेम्बान्यामा आला. आपल्याकडे हरल्याबद्दल कोणी सव्वासात फुटी पोरगा ताटात वाढत नाही. हरलात तर प्रायोजक जातो, बस्स.

म्हणून आपण बघायचा संघ ब्रुकलिनचा. २०१३ च्या एका सौद्यात त्यांनी आपले पुढचे पिक बोस्टनला देऊन टाकले होते, म्हणजे हरूनही फायदा शून्य. २०१६ मध्ये केनी अॅटकिन्सन आला. ज्यांना दुसऱ्यांनी सोडलं त्यांना घेऊन तो बसला. जो हॅरिसला आधीच्या संघाने मोकळं केलं होतं. ब्रुकलिनमध्ये तो २०१८-१९ ला तीन गुणांच्या नेमबाजीत टक्केवारीने लीगमध्ये पहिला आला. संघ २०, मग २८, मग ४२ विजय. उमेदवाराला हेच विचारा: तुमच्या हाताखाली कोण सुधारला, नेमकं काय सुधारलं, किती महिन्यांत? "मानसिकता बदलली" हे उत्तर धरू नका. "डाव्या हाताने लेअप (बास्केटजवळ पळत जाऊन टाकायचा बॉल) येत नव्हता, जानेवारीपर्यंत यायला लागला" हे उत्तर चालेल. आणि त्या खेळाडूला फोन करून पडताळा.

असिस्टंट कोण आणणार, हेही त्याच बैठकीत विचारा. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये इंडियाना आणि सॅक्रामेंटो मुंबईत वरळीच्या डोममध्ये खेळले, तेव्हा मी पंचवटी एक्स्प्रेसने गेलो होतो. मी लवकर आत शिरलो आणि सराव बघत बसलो. हेड कोच बाजूला उभा, आणि एकेका तरुण खेळाडूबरोबर एकेक असिस्टंट घाम गाळतोय, बॉल परत देतोय, पायांकडे बोट दाखवतोय. पोरं घडवणारे हात ते असतात. पगाराचं पाकीट सगळं हेड कोचमध्ये संपवलंत तर हे हात भाड्यानेही मिळणार नाहीत.

आपल्याकडच्या दोन अडचणी अमेरिकेत नसतात. आपले बरेच चांगले खेळाडू रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, बँका अशा नोकऱ्यांत आहेत. शिबिर सुरू होतं आणि अर्ध्यांची विभागाकडून परवानगी यायची असते. कोचला विचारा, आठ जणांत सराव कसा घेणार? ज्याने हे कधी भोगलं नाही तो पहिल्या आठवड्यातच वैतागेल. दुसरी भाषा. एक पोरगा तमिळनाडूचा, एक पंजाबचा, एक आपल्या सिन्नरचा. टाइमआउट साठ सेकंदांचा. परदेशी कोच आणायला माझी ना नाही, पण त्याला पाच शब्दांत सांगता आलं पाहिजे आणि ते फळ्यावर काढता आलं पाहिजे.

धीराचं उदाहरण शोधायला नाशिकबाहेर जायचीही गरज नाही. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात दहा हजार मीटरला कांस्य घेऊन आली, त्यामागे विजेंदर सिंग यांच्या किती पहाटा गेल्या असतील! लांब पल्ल्याच्या कोचला दर रविवारी निकाल मागितला असता तर ते पदक दिसलं नसतं. हे मी शेठच्या भागीदारांना सांगितलं. एकाने मान हलवली, दुसरा मोबाइलमध्ये होता.

शेवटी करार. तीन वर्षं पक्की, चौथं संघाच्या मर्जीवर. पहिल्या वर्षी विजयांवर बोनस ठेवू नका, नाहीतर आमच्या क्लबासारखं होईल. माणूस तिशीतले पाच खेळवेल. मोजायचं ते वेगळं लिहा: तेवीसच्या आतल्या पोरांना मिळून किती मिनिटं, प्रतिस्पर्ध्याच्या शंभर पझेशनमागे, म्हणजे बॉल शंभरदा त्याच्या ताब्यात आल्यावर, आपण किती गुण दिले आणि ते महिन्यागणिक कमी होतायत का, टर्नओव्हर किती. आणि कागदावर हेही यावं की खेळाडू घेण्यात कोचचा शब्द कुठपर्यंत चालतो. हे तोंडी ठेवलं की भागीदाराच्या मेहुण्याचा पोरगा संघात येतो, मी बघितलंय.

शेठने अजून सही केलेली नाही. गोडी छाटणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, म्हणतो दिवाळीनंतर. दोन नावं उरलीत. त्यातल्या एकाचा परवा मेसेज आला: तो तिसऱ्या क्वार्टरचा तुकडा परत पाठवाल का, उंच पोराचा डावा पाय बघायचा राहिला.