कोल्हापुरात महिन्याचं भाडं न भरता टीव्ही: फ्री डिश स्वतः बसवायची ती अशी

घरात बघितलं जातं काय? बातम्या, सह्याद्री, रविवारी एखादा मराठी सिनेमा आणि भारताची मॅच. एवढ्यासाठी दर महिन्याला पैसे भरायची गरज नाही, हे मी गिऱ्हाइकांना कायम सांगतो. मी मंगळवार पेठेत राहतो, वायरमन आहे, घराचं फिटिंग करता करता डिशही बसवतो. ज्यांच्या घरी महिनाअखेरीला दोनशे रुपयांचाही विचार करावा लागतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक सांगतो. जुना काड्यांचा अँटेना परत गच्चीवर चढवू नका. दूरदर्शनची जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत जवळजवळ सगळी बंद झाली. टॉवरवरून डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये सुरू झालं ते १६ शहरांत. आपल्या राज्यातली त्यात मुंबई आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), कोल्हापूर नाही. त्यामुळे 'शंभर किलोमीटरवरचे चॅनेल फुकट' असं लिहिलेला चपटा अँटेना ऑनलाइन दिसला, तर कोल्हापुरात तो घेऊन पैसे घालवू नका. इथं हवेतून फुकट मिळणारा टीव्ही म्हणजे डीडी फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरात 'डीडी डायरेक्ट प्लस' नावानं सुरू झालेली हीच सेवा. ती आता जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. भाडं नाही, कार्ड नाही, रिचार्ज नाही. शिवाजी पेठेतल्या एका मावशींकडे डिश बसवून खाली उतरलो तर त्यांनी विचारलं, "पोरा, रिचार्ज कधी मारायचा?" म्हटलं, "मारायचाच नाही, मावशी. आणि कोण फ्री डिशच्या रिचार्जचे पैसे मागायला आलं, तर दारातूनच परत पाठवा."

नवा पूर्ण सेट साधारण दोन हजारांच्या आसपास जातो. पण बाजारात जाण्याआधी टीव्ही भिंतीपासून ओढून मागची बाजू बघा. आट्यांचं गोल पितळी तोंड असेल आणि त्यावर 'सॅटेलाइट' किंवा 'एलएनबी इन' असं लिहिलेलं असेल, तर डिशचा सिग्नल पकडणारा ट्यूनर टीव्हीतच आहे. मग बॉक्स घ्यायचाच नाही, वायर थेट टीव्हीला. अलीकडच्या बऱ्याच टीव्हींत ही सोय असते आणि लोकांना माहीत नसतं. ट्यूनर नसेल तर बॉक्स एमपीईजी-४ वालाच मागा, म्हणजे चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत समजणारा. जुना एमपीईजी-२ बॉक्स स्वस्तात मिळतो, पण त्यावर सगळे चॅनेल दिसत नाहीत.

डिश नवीनच हवी असं अजिबात नाही. बंद पडलेल्या कनेक्शनची डिश गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर गंजत असते. तिचा पत्रा पोचलेला नसेल, वाकलेला नसेल, तर ती चालते, फक्त तोंड फिरवायचं. ती कंपनीच्या मालकीची नाही ना, एवढं विचारून घ्या. दोरा ताणून बघा: डिशच्या काठावर उभा-आडवा दोरा धरला की दोन्ही दोरे मध्यावर एकमेकांना टेकले पाहिजेत. मध्ये फट राहिली तर डिश पिळलेली आहे, सोडून द्या. एलएनबी, म्हणजे डिशसमोरच्या दांडीवरचा सिग्नल झेलणारा डबा, मात्र मी नवीन घालतो, युनिव्हर्सल, सिंगल. जुनीच्या तोंडावरचं प्लास्टिक उन्हानं तडकलेलं असतं आणि पहिल्या पावसात आत पाणी जातं.

जे पैसे वाचतील ते पाइपवर आणि वायरवर घाला. माझं सगळं सांगणं इथं येऊन थांबतं. बॉक्स साधा असला तरी चालतो, पण हलणारा पाइप आणि हलकी वायर असेल तर महिन्याभरात टीव्हीवर चौकोन चौकोन दिसायला लागतात. उद्यमनगरात कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडून दीड-दोन इंची पाइपला चौकोनी पट्टी मारून घ्या, वर लाल ऑक्साइडचा हात. स्लॅबला किंवा भक्कम भिंतीला चार फास्टनर. पत्र्याच्या शेडवर किंवा कौलांच्या वाशाला बसवू नका. वारा सुटला की शेड थरथरते आणि तिच्याबरोबर डिश. पाइप गवंड्याच्या ओळंब्यानं दोन बाजूंनी तपासा. पाइप सरळ उभा असेल तर डिश डावी-उजवी फिरवताना उंचीचा कोन बदलत नाही आणि काम फार लवकर होतं. पाइप तिरका असेल तर दुपार जाते.

आता दिशा. उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला, सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. कोल्हापुरातून तो उत्तरेपासून मोजलं तर १२९ अंशांवर येतो, म्हणजे आग्नेयेला, पण आग्नेयेच्या जरा अलीकडे, पूर्वेकडे. शहरात गच्चीवर उभे असाल तर जोतिबाच्या डोंगराकडे पाठ करा आणि तिथून थोडं डावीकडे वळा. मोबाइलचं होकायंत्र वापरणार असाल तर लोखंडी पाइपपासून चार पावलं लांब उभं राहून बघा, लोखंडाजवळ ते फसवतं. आकाशात उंची सुमारे ६० अंश. डिशच्या मागच्या पट्टीवर आकडे कोरलेले असतात, तिथं ६० ला लावा. डिश मात्र तेवढी वर बघताना दिसणार नाही. ही ऑफसेट डिश असते, तिचं तोंड प्रत्यक्ष उपग्रहापेक्षा पंचवीसेक अंश खाली वाटतं. ते बरोबरच आहे, घाबरून वर उचलू नका.

कोन एवढा उभा असण्याचा पेठेतल्या दाटीत फायदाच होतो. समोरची भिंत डिशपेक्षा दहा फूट उंच असली तरी सहा-सात फूट अंतर पुरतं. नारळाचं झाड मात्र बघा, वाऱ्यानं झावळी मध्ये आली की चित्र जातं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबर संपता संपता सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर उपग्रहाच्या रेषेत येतो. त्या वेळी जिथं डिश बसवायची तिथं ऊन पडत असेल, तर जागा मोकळी आहे. त्याच दिवसांत काही मिनिटं सिग्नल जातो, तो आपोआप परत येतो. डिशला हात लावू नका.

बॉक्सवर एलएनबी 'युनिव्हर्सल', ९७५०/१०६०० निवडा, डायसेक (एकाहून जास्त एलएनबी जोडायचा स्विच) बंद. ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहावरून चॅनेल पाठवणारी वाट, ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाका. स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसतील. 'स्ट्रेंग्थ'च्या नादाला लागू नका. वायर जोडली की ती भरतेच. आपल्याला 'क्वालिटी' हवी. एकानं खाली टीव्हीसमोर बसायचं आणि ओरडून आकडा सांगायचा. नाहीतर फोनवर व्हिडिओ कॉल लावून मोबाइल टीव्हीसमोर उभा करा. वरच्यानं डिश पूर्वेकडून दक्षिणेकडे बोटभर सरकवायची, दोन-तीन सेकंद थांबायचं, परत बोटभर. बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो, भरभर फिरवली तर जागा येऊन निघून जाते. काहीच आलं नाही तर उंची दोन अंशांनी बदलून परत पूर्वेकडून सुरुवात.

क्वालिटी आली, पण स्कॅन केल्यावर सगळेच चॅनेल बंद, स्क्रॅम्बल्ड दिसतात? मग बहुधा ९५ अंशांवरचा शेजारी उपग्रह लागलाय. डिश अगदी किंचित दक्षिणेकडे घ्या. यानंतर एलएनबी तिच्या पकडीत हळूहळू पिळा. घड्याळाचा एखादा तास इकडे, एखादा तिकडे, आकडा जिथं सगळ्यात वर जाईल तिथं स्क्रू घट्ट. हे बरेच फिटिंगवाले करत नाहीत, आणि पावसात टिकणारा सिग्नल याच पिळण्यात असतो. दिशेचे बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. एकच बोल्ट एकदम आवळला तर डिश ओढली जाते. बारा-तेराचा पाना आणि दहा-अकराचा, एवढ्यावर काम होतं.

वायर आरजी-६ घ्या, म्हणजे डिशची जाड गोल वायर, आतली तार तांब्याची किंवा तांब्याचा चांगला मुलामा असलेली. वायरच्या टोकाला आट्यांची पिन बसवताना घाई नको. पॉवर बंद करा. बाहेरचं काळं आवरण अर्धा इंच सोला, जाळी उलटी फिरवून मागं वळवा, पांढरा फोम सोलून मधली तार उघडी करा. पिन घट्ट बसवल्यावर मधली तार पिनच्या काठाबाहेर दोन-तीन मिलिमीटर यायला हवी. आणि उजेडात धरून बघा: जाळीचा केसाएवढा एक तंतू जरी मधल्या तारेला चिकटला असेल तर शॉर्ट होतो, एलएनबीला करंट जात नाही, आणि माणूस तासभर डिशच फिरवत बसतो. बाहेरच्या पिनवर रबरी टोपी किंवा चिकटपट्टीचे घट्ट वेढे. वायर भिंतीत शिरण्याआधी खाली वाकवून झोल द्या. पाणी त्या झोलावरून खाली गळतं, घरात येत नाही.

कोल्हापूरचा पाऊस म्हणजे पाऊस. हा सिग्नल केयू बँड नावाच्या लहान लहरींचा, मुसळधार पावसात तो दबतो. दोन फुटी डिशवर जोराच्या सरीत दहा-पंधरा मिनिटं चित्र जाऊ शकतं. गगनबावड्याकडे किंवा राधानगरीकडे राहणाऱ्यांनी तीन फुटी डिशच बघावी, जुन्या बाजारात मिळाली तर स्वस्त पडते. दरवर्षी मृगाआधी एकदा वर चढून बोल्ट तपासा. डिश लागली त्या दिवशीच पाइपवर आणि पट्टीवर रंगाची रेघ मारून ठेवा, वाऱ्यानं सरकली तर रेघेला रेघ जुळवली की झालं.

मॅचबद्दल सगळे विचारतात. २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचा सिग्नल प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या सरकारी संस्थेला, द्यावा लागतो, आणि सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं की तो प्रसार भारतीच्या स्वतःच्या टॉवरवर आणि फ्री डिशवरच दाखवायचा. म्हणून भारताची मॅच केबलवरच्या डीडीला झाकलेली असते आणि फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्सला दिसते. सगळ्या मॅच येत नाहीत, पण ज्या येतात त्या फुकट. शाळेतली पोरं असतील तर पीएम ई-विद्याचे इयत्तावार चॅनेलही शोधा, आणि आकाशवाणी त्याच रिमोटवर आहे.

खासगी चॅनेलना फ्री डिशवरची जागा लिलावात मिळते, बहुतेकदा एका वर्षासाठी. त्यामुळे १ एप्रिलला एखादा मराठी चॅनेल गायब होतो, दुसरा येतो. त्या दिवशी मला फोन करून बोलावू नका, दोनशे रुपये वाचवा. मेन्यूत जाऊन जुने चॅनेल पुसा, ब्लाइंड स्कॅन लावा, म्हणजे बॉक्स आकडे न टाकता स्वतःच सगळे चॅनेल शोधतो, आणि पाच-दहा मिनिटं थांबा.