वायफाय लावलं की सेन्सर मुका

आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. सुपारीला पाणी कधी सोडायचं हे बाबा माती चिमटीत चुरून सांगतात. मला ते ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाकडून करून घ्यायचं होतं. प्रोग्रामिंगचा अनुभव म्हणजे एलईडी लुकलुकवणं, एवढाच.

ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर २५ नंबरच्या पिनला जोडला. आकडे व्यवस्थित येत होते. ते मोबाइलवर पाठवायला वायफायचा कोड घातला आणि वाचन ठप्प. दोन रात्री तारा बदलल्या, नवा सेन्सरही आणला. "पावसात भिजला असणार," बाबांचं निदान. शेवटी वायफायच्या ओळी तात्पुरत्या बंद केल्या, तर आकडे हजर! म्हणजे सेन्सर ठीक, पिन चुकलेली. ईएसपी३२मध्ये अ‍ॅनालॉग, म्हणजे कमी-जास्त होणारा व्होल्टेज, वाचणारे दोन विभाग असतात: एडीसी१ आणि एडीसी२. त्यातला एडीसी२ वायफायही वापरतं, म्हणून ०, २, ४, १२ ते १५ आणि २५ ते २७ या पिनांवर वायफाय चालू असताना अ‍ॅनालॉग वाचनाचा भरवसा नाही. तार एडीसी१च्या ३४ नंबरवर नेली. झालं काम. ३२, ३३, ३५ही चालतात.

मग लॅपटॉपवर छोटा डिसिजन ट्री, म्हणजे नोंदींवरून हो-नाही ठरवायला शिकणारा प्रोग्राम, शिकवला. तो मार्चच्या उन्हातही "पाणी नको" म्हणायचा. बिचाऱ्याचा काय दोष, नोंदी सगळ्या जुलैतल्या! आता उन्हाळ्यातले आकडे घेतोय, आणि शेजारी बाबांचं "हवं" किंवा "नको" लिहितोय. पंपाला मात्र अजून जोडलेला नाही.