मुंबईच्या गॅलरीत ऑलिव्ह लावताय? मग पावसाळ्याची तयारी करा

आधी फळांचं डोक्यातून काढून टाका. ऑलिव्हला फुलायला काही आठवडे कडक थंडी लागते. राजस्थानात बिकानेरकडे ती मिळते, तिथे बागाही उभ्या राहिल्या. आपल्याकडे जानेवारीतही तेवढी थंडी टिकत नाही. इथे ऑलिव्ह लावायचं ते पानांसाठी.

रोप घेताना पान उलटून बघा. अरुंद, कडक आणि खालून रुपेरी असेल तरच घ्या. ‘इंडियन ऑलिव्ह’ म्हणून जलपाई गळ्यात मारतात, ते झाडच वेगळं. रोज सहा तास थेट ऊन येत नसेल तर सरळ मनी प्लांट लावा.

आता माती. नर्सरीतली तयार माती म्हणजे बहुतेक कोकोपीट, नारळाच्या काथ्याचा भुसाच असतो, ती नको. निम्मी लाल माती, निम्मी जाडी रेती आणि बारीक खडी, वर मूठभर चुनखडीची पूड. मातीचीच कुंडी घ्या. तळाशी खापऱ्यांचा जाड थर द्या असं सगळे सांगतात. त्याने निचरा सुधारत नाही, मुळांची जागा मात्र जाते. भोकावर एक खापरी पुरे.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. या झाडाच्या मुलखात, म्हणजे भूमध्य समुद्राकाठी, वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा आपल्याकडे एकट्या जुलैत कोसळतो. माझं पहिलं झाड जुलैतच गेलं. पानं पिवळी पडून गळायला लागली, मला वाटलं तहानलंय, म्हणून मी रोज झारीभर पाणी घालत राहिले. शेवटी उपटलं तर मुळं काळी, लिबलिबीत आणि गटारासारखा वास! तेव्हा पावसाळ्यात पान पिवळं दिसलं की झारी नव्हे, खुरपी उचला आणि आधी मुळं बघा. कुजलेली कापा, कोरड्या मातीत पुन्हा लावा, आठवडाभर सावलीत ठेवा.

त्यापेक्षा मे संपायच्या आतच कुंडी ग्रिलमधून आत, छपराखाली घ्या. खालची ताटली फेकून द्या, कुंडी दोन विटांवर चढवा. दोन पेरं बोट खुपसून बघा. आत ओल लागली तर पाणी नाही, मग दहा दिवस झाले असले तरी. हवा दमट असते, माती वाळतच नाही. ‘रोज थोडं थोडं पाणी’ हा सल्ला तुळशीला ठीक आहे.

पानांखाली पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर कडुनिंबाचं तेल फवारा.

छाटणी ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर, मधल्या दाट फांद्यांची. तेव्हाच मूठभर शेणखत.