सिनेगॉगमधील सामुदायिक प्रार्थनेत कसे वागावे

ठाण्यात टेंभी नाक्याजवळचे शाआर हाशामाइम हे बेने इस्रायली या ज्यू समाजाचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, १८७९ सालचे आहे. तेथे प्रथमच जाणाऱ्याने, मग तो तेरा वर्षे पूर्ण करून धर्माच्या दृष्टीने प्रौढ झालेला घरचा मुलगा असो वा निमंत्रित पाहुणा, एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी: सामुदायिक प्रार्थनेत मध्येच बोलण्याने केवळ आपली नव्हे, तर शेजाऱ्याचीही प्रार्थना मोडते.

पाहुण्याने येण्याआधी कळवावे. पुरुषांनी डोके झाकावे. स्त्रियांची बसण्याची व्यवस्था वेगळी असते. अनेकांची प्रार्थनेची जागा ठरलेली असते व ती तशी असावी असाच दंडक आहे, म्हणून विचारून बसावे. शाब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, मोबाइल घरीच ठेवावा. आवाज बंद करून खिशात बाळगणे पुरेसे नाही.

१५६५ साली प्रथम छापल्या गेलेल्या ‘शुल्हान आरूख’ या ज्यू धर्मसंहितेनुसार ऊन-पावसापासून आडोसा म्हणूनही सिनेगॉगमध्ये शिरू नये. ऐन पावसाळ्यात हे कठोर वाटेल, पण त्यामागची आदराची भावना मला फार मोलाची वाटते. एखाद्याला बोलवायला आत जावे लागले, तर आधी एखादे वचन म्हणावे किंवा क्षणभर बसावे आणि मगच त्याला हाक मारावी.

सर्वांत जपायची वेळ अमिदाची, म्हणजे आशीर्वचनांनी बनलेल्या मुख्य प्रार्थनेची. यरुशलेमकडे, म्हणजे ठाण्याहून पश्चिमेकडे, तोंड करून आणि पावले जुळवून ती उभ्याने, स्वतःलाच ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणतात. अमिदा म्हणणाऱ्याच्या समोरून चार हातांच्या आत जाऊ नये. आपली अमिदा संपल्यावर तीन पावले मागे यायचे असते, परंतु मागच्या माणसाची चालू असेल आणि मागे सरकल्याने आपण त्या चार हातांत येत असू, तर त्याची होईपर्यंत जागेवरच थांबावे.

पुढे हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, अमिदा मोठ्याने म्हणतो, तेव्हा ‘आपले झाले’ असे समजून गप्पा सुरू करणे हा मोठा दोष मानला आहे. मिन्यानसाठी, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणाऱ्या किमान उपस्थितीसाठी, दहा प्रौढ पुरुष लागतात आणि हझानच्या आशीर्वचनांकडे किमान नऊ जणांचे लक्ष नसेल, तर ती व्यर्थ गेल्यासारखीच होतात. जेमतेम दहा जण जमले असतील, तर एकाचे लक्ष ढळणेही सर्वांना भोवते. ‘आमेन’ आशीर्वचन संपल्यावरच म्हणावे; ते घाईने तोडू नये आणि हझानपेक्षा मोठा आवाजही काढू नये.

सेफेर तोरा, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, बाहेर आणताना सर्वांनी उभे राहावे. तोरा उघडून वाचन चालू असताना बाहेर जाऊ नये. निकड असल्यास दोन वाचनांच्या मधल्या अवकाशात जावे.

प्रार्थनेनंतर वडीलधारे हात पुढे करतात, तेव्हा त्यांच्या हाताला स्पर्श करून आपली बोटे ओठांना लावावीत. निघताना धावपळ करू नये. देणगी द्यायची असल्यास शाब्बाथला पैसे हाताळत नाहीत, म्हणून ती नंतरच्या दिवशी द्यावी.