जुन्या पाण्याच्या टाकीला नवी काँक्रीटची भिंत जोडताना

पुण्यातील अनेक सोसायट्यांमध्ये जमिनीखालची टाकी अपुरी पडू लागली की तिच्या शेजारी नवा कप्पा बांधण्याचे ठरते. अंदाजपत्रकात सिमेंट, सळई, खोदकाम सर्व काही असते, परंतु जुनी व नवी भिंत जिथे मिळते त्या सांध्यासाठी बहुधा एक ओळही नसते. पुढे पाणी झिरपते ते मात्र नेमके तिथूनच, कारण ताजे काँक्रीट जुन्या काँक्रीटला टेकते, आपोआप एकजीव होत नाही.

सर्वप्रथम सांधा घट्ट करायचा की हलता ठेवायचा, हे आरसीसी कन्सल्टंटकडून (सळई-काँक्रीटच्या बांधकामाचे डिझाइन करणारा अभियंता) लेखी ठरवून घ्यावे. आपल्याकडे एकाच प्लॉटमध्ये एका टोकाला कातळ आणि दुसऱ्या टोकाला काळी माती किंवा भराव सापडतो. जुनी टाकी कातळावर आणि नवा कप्पा भरावावर असेल, तर नवा भाग खचणारच, आणि सळयांनी कितीही बांधला तरी सांधा तडकेल. अशा वेळी पायाच कठीण मुरमापर्यंत नेणे हा खरा उपाय होय. नवी भिंत पाणी साठवणारी नसून केवळ माती अडवणारी किंवा कंपाउंडची असेल, तर ती टाकीला बांधूच नये. मध्ये २० ते २५ मिमी फट ठेवून तीत दबणारा बोर्ड बसवावा आणि तोंड सीलंटने बंद करावे.

जुन्या भिंतीवर येणारा भारही बदलतो. तीन मीटर खोल पाणी तळाशी दर चौरस मीटरला सुमारे तीन टन दाब देते. बाहेरची माती काढल्यावर भरलेल्या जुन्या टाकीची भिंत एकटीच हा दाब सोसते, आणि नवा कप्पा भरलेला व जुना रिकामा असताना तीच भिंत उलट दिशेने ढकलली जाते. तिच्यातील सळई दोन्ही स्थितींना पुरेल का, हे खोदण्याआधी तपासून घ्यावे. पावसाळ्यात भूजल वर असताना रिकामी टाकी उचलली जाण्याचाही धोका असतो, म्हणून हे काम कोरड्या महिन्यांत करावे. टाकीत उतरण्यापूर्वी हवा खेळती करावी, वायूची तपासणी करावी आणि वर एक माणूस सतत उभा ठेवावा. यात कोणतीही तडजोड नको.

आता सांध्याकडे येऊ. नवी भिंत जिथे टेकणार त्या पट्ट्यावरील गिलावा, जुने वॉटरप्रूफिंग आणि शेवाळ पूर्ण काढावे. त्यानंतर छिन्नीने मारायचे टाचे गिलाव्यासाठी मारतात तसे तुरळक ठिपके नसावेत. वरची सिमेंटची गुळगुळीत साय निघून खडीचे दाणे उघडे पडले पाहिजेत आणि उंचसखलपणा साधारण ६ मिमी हवा. बोट फिरवल्यावर खडी टोचली पाहिजे, आणि बोटाला पांढरी भुकटी लागली तर सफाई अपुरी आहे असे समजावे. पृष्ठभाग आदल्या दिवसापासून ओला ठेवावा, परंतु ओतकामाच्या वेळी त्यावर पाणी चमकता कामा नये. इपॉक्सी या चिकटवणाऱ्या रसायनाचा जोडथर वापरणार असाल तर तो चिकट असतानाच काँक्रीट पडले पाहिजे. वाळलेला थर जोडण्याऐवजी जुन्या-नव्याला वेगळेच करतो.

नवी भिंत जुन्या भिंतीशी बांधणाऱ्या सळया भोकात केमिकलने बसवताना रिबार लोकेटरने (काँक्रीटमधील सळई दाखवणारे यंत्र) जुनी सळई शोधून ती टाळावी. १२ मिमी सळईसाठी साधारण १६ मिमीचे भोक घेतात. खोली डिझाइनप्रमाणे घ्यावी, मात्र भोक आरपार जाऊ देऊ नये. भोकातील धूळ हवेने काढून, ब्रशने घासून पुन्हा हवेने काढावी, कारण धुळीवर बसलेले केमिकल धुळीलाच धरते.

जुन्या भिंतीत पीव्हीसी वॉटरस्टॉप (सांध्यात पुरायची पाणी अडवणारी पट्टी) आता पुरता येत नाही, म्हणून पाण्याने फुगणारी पट्टी वापरावी. ती नव्या भिंतीच्या जाडीच्या मध्यावर, दोन्ही बाजूंनी किमान ७५ मिमी काँक्रीट राहील अशी चिकटवावी; कडेला बसवल्यास ती फुगताना काँक्रीटच फोडते. उभ्या सांध्यातून तळाच्या सांध्यात वळताना ती अखंड राहिली पाहिजे, कारण दोन भिंती आणि तळ मिळतात तो कोपरा सर्वांत आधी गळतो. माझ्या एका कामावर मे महिन्यात संध्याकाळी पट्टी लावून ठेवली आणि रात्री वळवाचा पाऊस पडला. सकाळी ती शेवेसारखी फुगून भिंतीपासून सुटली होती. ती सगळी काढून नवी लावावी लागली आणि काँक्रीटची गाडी परत पाठवावी लागली. तेव्हापासून पट्टी मी ओतकामाच्या दिवशीच लावतो.

काँक्रीट किमान एम ३० या मजबुतीच्या दर्जाचे आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ असावे. जुनी भिंत आकसून केव्हाच स्थिर झालेली असते, तर नवी आकसू पाहते आणि सांध्याजवळ अडते. तिथे उभे तडे जातात ते यामुळेच. म्हणून साइटवर पाणी घालू देऊ नये, आडव्या सळयांचे अंतर कमी ठेवावे आणि ओले गोणपाट किमान १४ दिवस सुकू देऊ नये. काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर सांध्याच्या अगदी कोपऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे, मात्र पट्टीला लागू नये.

मातीचा भराव चाचणीनंतरच टाकावा. आयएस ३३७० या पाण्याच्या टाक्यांसाठीच्या भारतीय मानकाप्रमाणे टाकी भरून सात दिवस पाणी मुरू द्यावे, त्यानंतर आणखी सात दिवस दर चोवीस तासांनी पातळी नोंदवावी. जमिनीखालच्या टाकीत या सात दिवसांत येणारी घट मानकाच्या चालू आवृत्तीतील मर्यादेपेक्षा जास्त नसावी. नवा कप्पा भरताना जुना रिकामा ठेवून आतल्या बाजूने सांधा पाहावा, आणि मग उलट करावे. ओल दिसली तर तिथे खडूने खूण करून तारीख लिहावी, म्हणजे इंजेक्शन ग्राउटिंग (दाबाने आत मिश्रण भरून गळती बंद करणे) नेमके कुठे घ्यायचे ते समजते.